चर्च जपायचं म्हणजे काय जपायचं?

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे, नेव्हीनगरजवळ, १९८ फूट उंच मनोऱ्याचं एक चर्च उभं आहे. त्याचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. दादरला दुसरं एक चर्च आहे. त्याची सुरुवात १५९६ सालची, नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, आणि सगळ्यांच्या तोंडी मात्र पोर्तुगीज चर्च. अफगाण चर्च वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे, त्यामुळे त्याच्या भिंतीला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते. दादरच्या लोकांनी आपली जुनी इमारत १९७०च्या दशकात पाडली आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडून संपूर्ण नवी बांधून घेतली. दोन्ही ठिकाणी आजही रविवारी उपासना होते.

जुन्या चर्चचं भलं यातल्या कोणत्या वाटेने होतं, यावरून छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत एका मामा-भाचीचा वाद चालू आहे. मामांनी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं तिथल्या चर्चच्या कमिटीवर हिशेब सांभाळला. भाची वास्तुविशारद आहे आणि जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. दोघंही लहानपणापासून त्याच बाकांवर बसत आले. आपली वास्तू पुढच्या पिढीच्या हाती नीट जावी, हीच दोघांची इच्छा आहे. नीट म्हणजे कशी, यावर मात्र त्यांचं एकमत होत नाही.

मामांनी सुरुवात छावणीपासून केली.

“ही वस्ती कशी झाली ते आठव. हैदराबाद कंटिन्जंटची फौज इथे होती. जून १८५७ मध्ये तिच्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा अहमदनगरकडून जनरल वुडबर्नची तुकडी चालून आली. उठाव मोडला आणि पकडलेल्या शिपायांना मृत्युदंड दिले. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याचीच आठवण आहे. अशा छावण्यांमधली चर्चं इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होती. मेरठचा उठाव १० मे १८५७ला झाला, तो रविवार होता. त्यानंतर गोरे सैनिक बंदुका घेऊनच उपासनेला जायला लागले. कित्येक छावण्यांमधल्या चर्चच्या बाकांना बंदूक टेकवायच्या खाचा आहेत त्या त्यामुळे. मग मला सांग, त्या खाचा आपण कशासाठी जपायच्या?”

“तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते पुढच्या मुलाला खरं वाटावं म्हणून,” भाची म्हणाली. “तुम्ही वर्गात तोंडाने सांगाल. बाकाला खाच दिसली तर मुलगा स्वतःहून विचारेल.”

“विचारेल ना. पण आपली माणसं त्या बाकांवर आली कधी? इथे चर्च मिशनरी सोसायटीचं काम वाढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते वाढवलं रतनजी नौरोजींनी. पारशी घरात जन्मलेला, ख्रिस्ती झालेला, इथे पाळक म्हणून राबलेला माणूस. त्यांच्यासारख्यांमुळे खेड्यापाड्यांतली मराठी कुटुंबं मंडळीत आली. पुढे १९४७ आलं, पलटणी गेल्या. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा वेगवेगळी मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, सगळे आपापल्या रीती घेऊन एका छताखाली आले. म्हणजे आजची मंडळी ही इमारतीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. ती मोठी होते, तिच्या गरजा बदलतात. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढवत नाहीत, मराठवाड्याच्या मे महिन्यात बायका पदराने वारा घेत बसतात, भजनाला तबला-पेटी लागते. गरज बदलली की भिंतही बदलली पाहिजे.”

यावर भाचीने छावणीचं सोडून अफगाण चर्चचं उदाहरण घेतलं. मामांचा आक्षेप तिथे अधिक टोकदार होतो आणि त्याचं उत्तरही तिथेच सापडतं, असं तिचं म्हणणं.

पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजांची जी वाताहत झाली तिचं स्मारक म्हणून हे चर्च उभं राहिलं. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बायका-मुलं बर्फातल्या खिंडींमध्ये अडकली. मारली गेली, गोठली, कैद झाली. डॉ. विल्यम ब्रायडन हा जखमी माणूस घोड्यावरून जलालाबादला पोचला. या मोहिमेतल्या आणि सिंधमधल्या मृतांसाठी मुंबईत वर्गणी जमू लागली. आधी ऑक्सफर्डच्या डेरिक यांचा आराखडा आला, पण तो खर्चाला झेपेना. मग हेन्री कॉनिबेअर यांचा स्वीकारला गेला. विहार तलावातून मुंबईला नळाने पाणी आणण्याची योजना आखणारे अभियंते तेच. डिसेंबर १८४७ मध्ये पायाभरणी झाली आणि ७ जानेवारी १८५८ला, उत्तरेत लढाई अजून धुमसत असताना, चर्च उपासनेसाठी अर्पण झालं. मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं, आणि त्याला हातभार लावणाऱ्यांत कावसजी जहांगीर रेडीमनी हे पारशी दानशूर होते. बाक, फरशा आणि वेदीचा भाग विल्यम बटरफिल्ड यांच्या आराखड्यांतून आले, रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातून. अंगावरचा पिवळसर दगड मात्र कुर्ल्याचा, आणि तो घडवणारे हात इथल्या पाथरवटांचे.

“आत वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत,” भाची म्हणाली. “आणि साध्या शिपायांबद्दल तिथे असं लिहून ठेवलंय की त्यांची संख्या इतकी आहे की नावं देता येत नाहीत. बारा हजार नोकरांचा तर उल्लेखही नाही. मामा, हे वाचून तुम्हाला राग येईल. यायलाच हवा. पण तो राग येण्यासाठी ती भिंत जागेवर असायला हवी. कोण मोजलं गेलं आणि कोण नाही, याचा इतका सरळ पुरावा कागदावर क्वचित मिळतो.”

मामा थोडे थांबले. मग म्हणाले, “पुरावा म्हणून संग्रहालयात ठेव. लेकराच्या बाप्तिस्म्याला मी त्या नावांपुढे का उभं राहू?”

हा प्रश्न हलका नाही. चर्च हे संग्रहालयासारखं नसतं. तिथे माणसं लग्नं लावतात, प्रेत शेवटच्या प्रार्थनेसाठी आणतात, नाताळला मध्यरात्री जमतात. ज्या भिंतींपुढे हे सगळं होतं त्या भिंतींवर दुसऱ्याच कोणाची विजयगाथा किंवा शोकगाथा कोरलेली असेल, तर तिथल्या माणसाला परकं वाटू शकतं. देशभरच्या छावणी-चर्चमध्ये रविवारी बसणाऱ्या मंडळींना हा अनुभव असतो, आणि वारसा जपणाऱ्यांनी तो ऐकून घेतला पाहिजे.

मामांनी मग दादरचा दाखला दिला, आणि तो त्यांनी मनापासून दिला.

दादरचं जुनं चर्च फ्रान्सिस्कन साधूंच्या काळचं. शतकानुशतकं त्यात भर पडत गेली होती. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि कॅथलिक उपासनेचं रूप पालटलं. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये, आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड केलेला. परिषदेनंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाल्या, धर्मगुरू लोकांकडे वळला, वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली. लांबट, एका टोकाला सगळं लक्ष ओढून घेणारी जुनी रचना या नव्या उपासनेला अपुरी पडू लागली. १९७४ ते १९७७ या काळात कोरियांनी तिथे एकच मोठं दालन करण्याऐवजी एकमेकांत उघडणाऱ्या जागा आणि मोकळी अंगणं गुंफली. मुख्य जागांवर काँक्रीटची उंच निमुळती छतं घेतली, त्यांतून वरून उजेड उतरतो आणि गरम हवा निघून जाते. मिस्सा, बाप्तिस्मा, अंगणातल्या गप्पा, हे सगळं एकमेकांच्या नजरेत राहतं.

“त्या लोकांनी धीर केला,” मामा म्हणाले. “चारशे वर्षांच्या नावापुढे ते झुकले नाहीत. आपली उपासना काय मागते ते पाहिलं आणि देशातला उत्तम वास्तुविशारद गाठला. त्याला मी जिवंत चर्च म्हणतो. बदल नाकारणारं चर्च एक दिवस रिकामं होतं, आणि रिकामं झालं की तुझे संरक्षणवाले फलक लावायला येतात.”

“कोरियांची इमारत मला फार आवडते,” भाचीने कबूल केलं. “पण तिलाही आता पन्नास वर्षं होत आली. उद्या तिथल्या कमिटीला वाटलं की त्या छतांऐवजी सपाट छत आणि वातानुकूलन बरं, तर तुम्ही काय म्हणाल?”

“मी विरोध करीन.”

“का? गरज बदलली की.”

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. शेवटी म्हणाले की तिथे एका मोठ्या माणसाने विचार करून केलेलं काम आहे, ते असं सहज मोडता येणार नाही. भाचीला इतकंच हवं होतं. कॉनिबेअर आणि बटरफिल्ड यांनीही विचार करून काम केलं होतं, आणि कुर्ल्याच्या पाथरवटांनीही. त्यांच्या कामाला दिलेला मान कोरियांच्या कामाला दिलेल्या मानापेक्षा कमी का असावा, हे आता मामांना सांगायचं होतं.

पण भाचीची बाजूही पोलादी नाही, आणि हे तिनेच गोव्याच्या उदाहरणातून मान्य केलं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ला सुरू झालं आणि १६०५ला ते अर्पण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव तिथे आहे. त्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचे मूर्तिकार फोगिनी यांनी घडवला आणि तस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांनी तो पाठवला. १६९८ मध्ये तो तिथे बसवला गेला. १९८६ पासून गोव्याची ही चर्चं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या चर्चची आज जगाला ओळखीची असलेली लालसर जांभ्याची भिंत मात्र मूळची अशी नव्हती. तिच्यावर चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज पुनर्रचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांनी तो खरवडून काढायला लावला, कारण उघड्या दगडात इमारत अधिक प्राचीन भासते असं त्या काळी वाटत होतं. जांभा सच्छिद्र दगड आहे. कोकणपट्टीच्या पावसात तो पाणी पितो, झिजतो, भुसभुशीत होतो. त्यामुळे आज चर्चची व्यवस्था पाहणारे धर्मगुरू आणि गोव्यातले अनेक जण गिलावा परत चढवण्याची मागणी करतात. जागतिक वारसा म्हणून जे रूप नोंदलं गेलं तेच राखावं, असं मानणारेही आहेत.

“म्हणजे तुझ्याच धंद्यातल्या माणसाने चर्चचं कातडं सोललं,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हळहळ होती.

“हो. आणि तिथे मला उपासना करणाऱ्यांचं म्हणणं पटतं. ते रोज त्या भिंतीजवळ असतात, पाणी कुठून येतं ते त्यांना आधी दिसतं. आपल्याला हे कळायला गोव्याला जायला नको, मामा. बीबी का मकबरा पाहा. भिंतींचा खालचा भाग आणि मुख्य घुमट संगमरवराचा, बाकी बरीचशी इमारत आपल्या काळ्या पाषाणाची आणि वर चुन्याचा घोटीव गिलावा. तो गिलावा कुणी ‘खालचा खरा दगड दिसू दे’ म्हणून काढला, तर मकबरा उरेल का? गिलावा हा इमारतीचाच भाग असतो. काय मूळचं, काय नंतरचं आणि काय चुकून झालेलं, हे ठरवण्यासाठी अभ्यास लागतो. जुनं दिसतं ते चांगलं, असा नियम मी मानत नाही.”

चुन्याचा विषय निघाला की भाची थांबत नाही, आणि हा भाग खरोखर महत्त्वाचा आहे. जुनी दगडी भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ती ओल शोषते आणि उन्हाळ्यात चुन्याच्या सांध्यांतून बाहेर टाकते. मराठवाड्यात जुन्या कामांत चुना घाण्यात मळून, त्यात हिरडा, गूळ, डिंक अशा वस्तू मिसळून तो चिवट केला जाई. त्याच भिंतीवर सिमेंट फासलं की ओलीची वाट बंद होते. पाणी दगडात अडकतं, त्यातले क्षार पृष्ठभागाजवळ येऊन स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दोन वर्षं भिंत छान दिसते, मग खालून फुगू लागते. छताची कथा अशीच. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात बाझेल मिशनने काढला आणि ती कौलं पश्चिम भारतभर पसरली. फुटलेलं कौल बदलायला शिडी आणि एक माणूस पुरतो. कौलाऐवजी पत्रा टाकला की आत भट्टी होते, आणि मग पंखे वाढवावे लागतात, वायरिंग वाढतं, सागाच्या तुळयांना भोकं पडतात.

“तुम्ही उकाड्याची तक्रार केलीत ना,” ती म्हणाली, “उंच छत आणि वरचे झरोके त्याच्यासाठीच होते. अशा इमारतींत झरोके उघडले तरी निम्मं काम होतं. आणि उतार, म्हणजे रॅम्प, तो मी आजच आखून देते. पायऱ्या न फोडता बाजूने, लाकडी किंवा लोखंडी, उद्या नको झाला तर काढता येईल असा.”

मामांनी हे मान्य केलं. लगेच त्यांनी दुसरा मुद्दा पुढे केला, आणि तो पैशाचा आणि हक्काचा होता. हिशेब सांभाळलेल्या माणसाला तोच आधी आठवणार.

“चुना महाग, कारागीर मिळत नाहीत, आणि यादीत नाव गेलं की परवानगीसाठी फेऱ्या. केंद्राचा १९५८चा कायदा लागू झाला तर चोहोबाजूंनी शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने. २०१०च्या दुरुस्तीने ते आणखी घट्ट केलं. पाळकांचं घर, शाळा, हॉल, सगळं त्या शंभर मीटरांत असतं. शाळेला वर्ग वाढवायचा तर कुणापुढे हात जोडायचे? जपा म्हणणारा एक, खर्च करणारा दुसरा, हे मला अन्यायाचं वाटतं.”

या तक्रारीत तथ्य आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, तेव्हा इमारतींना तीन श्रेणी दिल्या. पहिल्या श्रेणीत आतून-बाहेरून फारसा बदल नाही, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक. मालकाला नुकसान होऊ नये म्हणून विकासहक्क दुसरीकडे वापरण्याची, म्हणजे टीडीआरची सोय त्यात ठेवली. जागेचे भाव गगनाला भिडलेल्या शहरात त्या हक्काला किंमत येते. मराठवाड्यातल्या एखाद्या छोट्या मंडळीला तसा आधार मिळणं कठीण, आणि छावणीची हद्द तर महापालिकेच्या कारभाराबाहेरची. त्यामुळे मुंबईचा नियम जसाच्या तसा इथे आणून चालणार नाही.

कायद्याची दुसरी बाजू भाचीने दाखवली. त्याच १९५८च्या कायद्याचं सोळावं कलम सांगतं की संरक्षित स्मारक प्रार्थनास्थळ असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर करता येणार नाही. म्हणजे चर्चचं हॉटेल किंवा सभागृह करण्याला कायदाच आडवा येतो. याच जिल्ह्यात वेरूळचं घृष्णेश्वर मंदिर संरक्षित स्मारक आहे आणि श्रावणात तिथे रांगा लागतात. अहिल्याबाई होळकरांच्या काळच्या जीर्णोद्धाराची रचना राखली जाते, पूजाही चालू राहते. गर्दी, अभिषेकाचं पाणी, दगडाची झीज यांचे प्रश्न तिथेही आहेत, पण पूजा आणि संरक्षण एका जागी नांदू शकत नाहीत असं इथल्या माणसाला कुणी पटवू शकणार नाही.

मामांना याहून परिणामकारक वाटली ती इंग्लंडची रीत. तिथे १९५५च्या एका नियमाने सुरू झालेल्या रीतीप्रमाणे प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होते. तो छत, पन्हळी, भिंती, लाकूड पाहतो आणि लेखी अहवाल देतो: हे लगेच करा, हे दोन वर्षांत, हे पुढच्या खेपेपर्यंत थांबलं तरी चालेल. बदल करायचा तर चर्चच्याच न्यायव्यवस्थेकडे अर्ज जातो, गावकऱ्यांना आक्षेप घेता येतो, मग निर्णय होतो. मंडळी उरली नाही अशा साडेतीनशेहून अधिक चर्चची देखभाल एक स्वतंत्र न्यास करतो. “हे मला समजतं,” मामा म्हणाले. “पाच वर्षांनी एक अहवाल. त्याला फार पैसे लागत नाहीत. पन्हळ साफ केली तर छत वाचतं, हे आम्ही हिशेबात पाहिलंय. दरवर्षी थोडा खर्च टाळला की पुढे एकदम मोठं बिल येतं.”

वाद इथे मिटला असता. पण मामांनी वसईचं नाव काढलं.

“तुझं संरक्षण शेवटी कुठे नेतं ते वसईच्या किल्ल्यात बघ. १५३४ पासून पोर्तुगीजांचं शहर. किल्ल्यात एकापेक्षा एक चर्चं. मे १७३९ला चिमाजी अप्पांनी ते जिंकलं आणि वस्ती हळूहळू उठली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक, नाना फडणविसांच्या मेणवलीच्या घाटावर एक, भीमाशंकरला एक. दगड पुरातत्त्व खात्याकडे आहेत, छान सांभाळलेत, पण आत वडाच्या मुळ्या आणि वर आभाळ. खरी वसई किल्ल्याबाहेर आहे. सांडोर, रमेदी, पापडी इथल्या धर्मग्रामांत माणसं आहेत, मराठीत मिस्सा म्हणणारी. त्यांचं चर्च टिकलं ते माणसांमुळे.”

“किल्ल्यातही माणसं जातात, मामा. गोन्सालो गार्सिया वसईचा, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला. त्याच्या नावाने किल्ल्यातल्या चर्चमध्ये आजही मिस्सा होतो. आणि नुसते अवशेषसुद्धा बोलतात. गोव्यात सेंट ऑगस्टीनचं चर्च १८३५ मध्ये सोडून दिलं, पुढे छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या अस्थी ऑगस्टिनियन साधूंनी तिथे आणून ठेवल्याचं जुन्या कागदांत होतं. पुरातत्त्व खात्याने ढिगाऱ्यात शोध घेतला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. तो ढिगारा कुणी हॉलसाठी सपाट केला असता तर एका देशाला आपली संत मिळाली नसती.”

मामा यावर काही बोलले नाहीत. राणी केतेवानची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि चांगल्या शिक्षकासारखे ते नवीन ऐकलं की आधी मनात मुरवून घेतात.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट वर येते. बॉम जीझसची भिंत सोलली गेली कारण निर्णय घेणाऱ्याने उपासना करणाऱ्यांच्या नजरेने इमारत पाहिली नाही. अनेक लहान चर्चमध्ये मूळच्या फरशा, खिडक्या, कौलं नाहीशी होतात कारण कमिटीच्या बैठकीत ती का बसवली होती हे सांगणारं कुणी नसतं. जाणकार आणि मंडळी यांच्यातलं कुणी एक बैठकीतून वगळलं गेलं की इमारतीचं नुकसान होतं. म्हणून संरक्षित चर्चच्या कामात पहिली गरज आहे ती दोघांनी मिळून ठेवायच्या नोंदवहीची: कोणता भाग कोणत्या काळचा, कुणी केलेला, कोणत्या कामासाठी, कशाला हात लावायचा नाही, काय बदलता येईल, कोणती जुनी चूक दुरुस्त करायची. इतकं लिहून काढलं की बरेच वाद भिंतीवर हातोडा पडण्याआधी कागदावरच होतात.

मामा-भाचीने अशी यादी करायला घेतली. भिंतींच्या पायथ्याशी लावलेलं सिमेंट काढून चुना, पन्हळींची दरवर्षी सफाई, झरोके मोकळे करणं, बाजूने सुटा रॅम्प, यांवर दोघांचं जुळलं. प्रभुभोजनाचं मेज लोकांच्या जवळ आणावं, ही मामांची मागणी भाचीला पटली. वेदीची जुनी फरशी न उखडता पुढे लाकडी चौथरा करावा, ही तिची अट मामांनी मानली. पेटी-तबल्याचा आवाज उंच छतात घुमतो आणि शब्द विरतात, त्यावर तिने जाड कापडी पडदे सुचवले. मामांना ते देवळातल्या नाटकाच्या रंगमंचासारखे वाटतात, म्हणून तो मुद्दा लटकला आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो त्यांच्या चर्चमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिळांवर. त्या काढाव्यात हे मामांनी मागे घेतलं, पण आपली मागणी वाढवली. इंग्रज अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर राहणार असतील तर त्यांच्या समोर मराठी मंडळीचीही नावं हवीत: पहिले मराठी पाळक, सेविका, शाळा चालवणारे शिक्षक, दुष्काळात धान्य वाटणारी माणसं, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली पहिली कुटुंबं. भाचीला कल्पना इतकी आवडली की तिने आक्षेप फक्त दगडाला भोक पाडण्यावर घेतला. फलक लाकडी असेल, स्वतःच्या पायावर उभा राहील, आणि नवं नाव सापडलं की त्यात भर घालता येईल, असं ठरलं.

नावं शोधायची कुठे, हेही ठरलं. ब्रिटिश काळात अशा चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गोऱ्या सैनिकांच्या वंशजांना आपले पूर्वज तिथे सापडतात. मराठी घरांची नावं पुढच्या काळातल्या रजिस्टरांत, स्थानिक कपाटांत आणि वृद्धांच्या आठवणींत विखुरलेली असतात. मामांनी मंडळीतल्या सर्वांत वयस्कर लोकांची यादी केली आहे. भाची रजिस्टरांची पानं हाताळायची कशी आणि त्यांचे फोटो काढायचे कसे हे शिकून घेणार आहे. फलकावर पहिलं नाव रतनजी नौरोजींचं असावं की एखाद्या मराठी कुटुंबाचं, यावर मात्र दोघं अजून भांडताहेत.